खडपाचे पंचांग

कोकणात आषाढ म्हणजे समुद्राकडे पाठ फिरवण्याचा महिना. होड्या वर ओढलेल्या, त्यांच्यावर झापांचे छप्पर, जाळी माळ्यावर. सरकारची मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते. पण नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात न उतरण्याचा रिवाज त्या बंदीहून कितीतरी जुना. या दिवसांत लाटा ज्या खडपांवर फुटत असतात तिकडे कोणी फिरकत नाही, आणि फिरकूही नये. त्यामुळे नेमक्या याच दिवसांत, भरतीरेषेच्या अगदी वरच्या कडेला, जिथे एरवी फक्त शिंतोडे पोचतात त्या कातळावर, एक अख्खी बाग उगवून मोडते याची फारशी कोणाला खबर नसते. जांभळट-तपकिरी, झिरझिरीत, ओल्या कागदासारखी कातळाला चिकटलेली पाती. शास्त्रीय नाव पोर्फायरा व्हिएतनामेन्सिस. जपानी लोक ज्या ‘नोरी’त भात गुंडाळतात त्या नोरीची ही चुलत बहीण. दक्षिण कोकण आणि गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यावर ती पावसाबरोबर येते आणि पाऊस सरला की नाहीशी होते.

तोच कातळ जानेवारीत पाहिला तर उन्हाने तापलेला, मिठाचे पांढरे डाग पडलेला, रिकामा दिसतो. त्या दिवशी एखाद्याने वहीत ‘वरचा पट्टा, वनस्पती नाही’ अशी नोंद केली तर ती खोटी म्हणता येणार नाही. ती अवेळी केलेली आहे एवढेच. माझे सगळे म्हणणे या एका नोंदीभोवती आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या शेवाळांची विविधता जेवढी जागेत पसरली आहे त्याहून अधिक काळात पसरली आहे, आणि आपण मात्र तिची मोजदाद, तिचे रक्षण आणि आता तिची शेतीही केवळ जागेच्या हिशेबाने करायला निघालो आहोत. किती किलोमीटर किनारा, किती हेक्टर, किती जाती. ‘केव्हा?’ या प्रश्नाला कोणत्याच तक्त्यात रकाना नाही.

आधी हे जीव कोण, ते पाहू. समुद्री शेवाळे हा एक वर्ग नव्हेच. हिरवी शेवाळे आणि आपल्या अंगणातली तुळस यांचे कूळ एक. तांबडी शेवाळे त्याच कुळाची फार जुनी, दूर गेलेली शाखा. तपकिरी मात्र सर्वस्वी परक्या घरची: मालवणच्या समुद्रात मांडीइतके उंच वाढणारे सरगॅसम दिसायला झुडपासारखे, पण त्याचे जवळचे नाते तुळशीशी नाही, पाण्यात तरंगणाऱ्या एकपेशीय डायटमशी आहे. तिघांनाही खरी मुळे नाहीत. खालचा चिकट पंजा फक्त खडक धरून ठेवतो. खाणेपिणे सगळे अंगभर. रंगाचा खेळही पोटासाठीच. पाण्यात खोल जावे तसा तांबडा प्रकाश आधी विझतो, निळा-हिरवा उरतो, आणि तो टिपणारे रंगद्रव्य तांबड्या शेवाळांकडे असते. बहामा बेटांजवळ २६८ मीटर खोलीवर, जिथे आपल्याला मिट्ट काळोख वाटेल तिथे, खडकावर पसरलेला तांबड्या शेवाळाचा थर १९८०च्या दशकात सापडला.

आपल्या ओहोटीच्या पट्ट्यात एवढे खोल जाण्याची गरज नाही. कॉलर्पा नावाचे हिरवे शेवाळ वाळूमिश्रित खडकावर वेलीसारखे सरपटते, त्याला पानांसारखे फाटे फुटतात, आणि हा सगळा पसारा एकाच पेशीचा असतो. आत केंद्रके असंख्य, पण मध्ये भिंत एकही नाही. उल्वाचे हिरवे पाते, जे कोकणच्या कोणत्याही खडपावर दिसते, केवळ दोन पेशींइतके जाड. आणि ते पातेही एकट्याच्या बळावर पाते होत नाही. उल्वाच्या अंगावर विशिष्ट जिवाणू नसतील तर त्याची वाढ आकारहीन पेशींच्या पुंजक्यासारखी होते. जिवाणूंनी सोडलेल्या रसायनांच्या सांगण्यावरून त्याला आपला आकार सापडतो, हे प्रयोगशाळेत दाखवून झाले आहे. खाडीत शिरावे तर खारफुटीच्या श्वासमुळांवर बोस्ट्रिकिया आणि कॅटिनेला ही बारीक तांबडी शेवाळे गाळाने माखून बसलेली असतात. जिवाणूंवाचून आकार न सापडणारी उल्वा आठवली, की ‘येथे अमुक जाती आढळल्या’ या वाक्यातली ‘जात’ हीसुद्धा एक सोय आहे.

भारताच्या किनाऱ्यावर समुद्री शेवाळांच्या सुमारे साडेआठशे जाती नोंदल्या आहेत. त्यांत मान मिळतो तो गुजरातच्या ओखा-द्वारका भागाला आणि तमिळनाडूच्या मन्नारच्या आखाताला. कोकण त्या यादीत बरेच खाली. कारणे उघड आहेत: चार महिने गढूळ पाणी, नद्यांचा लोंढा, लाटांचा मारा. या क्रमवारीमुळे एक समज पक्का झाला आहे, की कोकणच्या खडपांवर फार काही नाही. मला ही क्रमवारी चुकीची वाटत नाही, अपुरी वाटते. पुस्तकांची संख्या मोजून ग्रंथालयाची योग्यता ठरवणारा माणूस ती पुस्तके कधी उघडी असतात हे विचारत नाही, तसे हे आहे.

किनाऱ्यावरचा काळ दोन चाकांवर चालतो. पहिले चाक चंद्राचे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा हिशेब कोकणातल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतो: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण, अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या जवळ जातो, गोव्याला तो दोन मीटरच्या आसपास असतो. म्हणजे मुंबईच्या खडकावरचे शेवाळ एका दिवसात समुद्रतळही भोगते आणि वाळवंटही. खडपावर वरून खाली जे पट्टे दिसतात, वर जवळजवळ उघडा कातळ, मग धारदार बार्नॅकल आणि कालवे, मग हिरवा, मग तपकिरी-तांबडा, ते पट्टे उंचीचे वाटतात. खरे तर ते उघडे पडण्याच्या तासांचे आहेत. ग्रासिलारिया कॉर्टिकाटा इथे का आहे आणि हातभर वर का नाही, याचे उत्तर सेंटिमीटरमध्ये देता येत नाही. किती वेळ उन्हात राहावे लागेल, यात ते आहे.

दुसरे चाक पावसाचे. जूनमध्ये गोडे पाणी, चिखल आणि लाटा मिळून खडप धुऊन काढतात. सरगॅसमचे झुडूप तुटून गेलेले असते, पंजा मात्र खडकाला धरून बसतो. नळीसारखी हिरवी शेवाळे गोड्या-खाऱ्याच्या गोंधळात तग धरतात, वरच्या कडेला पोर्फायरा माजते. सप्टेंबरनंतर पाणी निवळू लागते, खारटपणा परत येतो, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर बीजाणूंची झुंबड उडते. उल्वा सर्वांत आधी. मागोमाग हिप्निया, डिक्टियोटा, पंख्यासारखी पॅडिना, जिच्या अंगावर चुन्याची पांढरी वलये असतात. नोव्हेंबर ते मार्च हा भर हंगाम. त्याच मुदतीत सरगॅसम पंजातून पुन्हा फुटून वर येते, त्याच्या फांद्यांत माशांची पिल्ले, बारीक झिंगे, गोगलगाई आणि दुसरी शेवाळेही मुक्कामाला येतात. एप्रिल-मे मध्ये ऊन चढते, उघडी पडलेली पाती पांढरी पडतात, सरगॅसम तुटून पुळणीवर ढिगाने येते. पर्यटकांना ती घाण वाटते. भारताच्या किनाऱ्यावर अनेक ठिकाणी हेच माडांना खत म्हणून घातले जाते. एकाच कातळावर वर्षात तीन वेगवेगळी राने उभी राहतात आणि जातात.

या उलथापालथीकडे नुकसान म्हणून पाहण्याची सवय आहे. कॅलिफोर्नियात वेन सूझा यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेले काम याबाबतीत अभिजात मानले जाते. ओहोटीच्या पट्ट्यातल्या धोंड्यांवर त्यांनी शेवाळे मोजली. लहान धोंडे लाटांनी वारंवार उलटतात; त्यांच्यावर उल्वा आणि बार्नॅकल यांच्यापलीकडे काही टिकत नाही. मोठे धोंडे सहसा हलत नाहीत; त्यांच्यावर एकच दांडगे तांबडे शेवाळ सगळी जागा बळकावते. सर्वाधिक जाती मधल्या धोंड्यांवर, जे अधूनमधून उलटतात. वैविध्याला मोडतोड लागते, फार नाही आणि फार कमीही नाही. आपल्याकडे हे उलटणे पाऊस करतो, पण एक फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. कॅलिफोर्नियातला धोंडा केव्हा उलटेल ते सांगता येत नाही. पाऊस सांगून येतो. हजारो वर्षे ठरल्या वेळी येणाऱ्या तडाख्याला इथल्या शेवाळांनी आपले जीवनक्रम जुळवून घेतले आहेत: कोण पंजा राखतो, कोण बीजाणू सोडून मरतो, कोण तेवढ्यापुरते दुसरेच रूप घेतो. त्यांच्या लेखी मोसमी पाऊस संकट नाही, वेळापत्रक आहे.

रूप बदलण्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण नोरीचा अख्खा धंदा तिच्यावर उभा आहे. जपानी लोक शतकानुशतके उथळ खाडीत बांबू आणि जाळी रोवून नोरीची वाट पाहत. बी कुठून येते हे कोणालाच माहीत नव्हते. उन्हाळ्यात नोरी दिसेनाशी होई आणि थंडीत आपोआप उगवे. एखाद्या वर्षी उगवतच नसे. जुगारच तो. १९४८ साली पीक बुडाले आणि गावे हवालदिल झाली. उत्तर मिळाले ते मँचेस्टरमध्ये. कॅथलीन ड्रू-बेकर या शैवालशास्त्रज्ञ बाईंना लग्न केल्यामुळे विद्यापीठातली नोकरी सोडावी लागली होती, कारण विवाहित स्त्रियांना तिथे नेमत नसत. त्या बिनपगारी संशोधन करत राहिल्या. वेल्सच्या किनाऱ्यावर खाल्ल्या जाणाऱ्या पोर्फायराचे बीजाणू वाढवताना त्यांच्या लक्षात आले, की ते रिकाम्या शिंपल्यांत भोके पाडून आत गुलाबी धाग्यांच्या रूपात राहतात. हे गुलाबी धागे विज्ञानाला अनोळखी नव्हते. तोपर्यंत ती ‘कॉन्कोसेलिस’ नावाची वेगळीच प्रजाती समजली जात होती. म्हणजे एकच जीव ऋतूप्रमाणे दोन नावांनी दोन कप्प्यांत पडून होता. १९४९ साली ‘नेचर’मध्ये आलेले त्यांचे टिपण जपानमध्ये सोकिची सेगावा यांनी वाचले, आणि पुढच्या काही वर्षांत शिंपल्यांतून नोरीचे बी तयार करण्याची पद्धत बसली. जपानमधल्या उतो गावात ड्रू-बेकर यांचे स्मारक आहे, तिथे दरवर्षी एप्रिलमध्ये त्यांच्या नावाने उत्सव होतो. त्या स्वतः जपानला कधी गेल्या नाहीत.

या कथेतून बहुतेक लेखक मूलभूत संशोधनाचे माहात्म्य काढतात. ते आहेच. मला तिच्यातून दुसरेच दिसते. आपल्या कोकणातल्या पोर्फायराच्या बाबतीतही जानेवारीतली ‘वनस्पती नाही’ ही नोंद याच कारणाने फसवी ठरते: या कुळातला जीव जातो कुठे, तर शिंपल्यात. दिसणारे पाते हा त्याच्या वर्षाचा एक भाग. मग ‘अस्तित्वात आहे’ म्हणजे काय, आणि तो जीव वाचवायचा तर नेमके काय वाचवायचे? वरचा कातळ की खालचे शिंपले? एकाच जिवाला वर्षातून दोन निरनिराळे पत्ते असतील, तर एक पत्ता राखून भागत नाही.

आता आपले नियम पाहू. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार प्रकल्पासाठी जी पायाभूत माहिती गोळा केली जाते, ती साधारणपणे एका हंगामाची चालते, आणि तो हंगाम पावसाळा सोडून असावा असे कार्यकक्षेत लिहिलेले असते. हवेतली धूळ मोजायची असेल तर हे समजण्यासारखे आहे. पावसात धूळ बसते, आकडा खोटाच चांगला दिसेल. पण तोच साचा किनाऱ्याला लावला की बरोबर उलटे घडते. बंदर, जेट्टी, वीज प्रकल्प, किनारी रस्ता यांच्या अहवालांत समुद्री वनस्पतींची यादी येते ती अशा एका हंगामाची. वर्षातला सर्वांत घडामोडींचा काळ नियमानेच वगळलेला. कोणी लबाडी करायची गरज नाही. प्रामाणिक माणूसही त्या नमुन्यात प्रामाणिकपणे चुकीचे उत्तर भरेल.

किनारा नियमन क्षेत्राचे तेच. २०१९ च्या अधिसूचनेत अतिसंवेदनशील परिसंस्थांची यादी आहे: खारफुटी, प्रवाळ, वाळूच्या टेकड्या, जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलपट्टे, समुद्री गवताची कुरणे, कासवांच्या विणीच्या जागा, नालखूर खेकड्यांचे अधिवास. शेवाळांनी झाकलेला खडकाळ किनारा या यादीत नाही. तो ‘भरती-ओहोटीमधला प्रदेश’ या सर्वसाधारण कप्प्यात जातो. कायदा रेषांनी विचार करतो, भरतीरेषा, ओहोटीरेषा, तिथून पन्नास मीटर, पाचशे मीटर. या रेषा तरी किती पक्क्या? भारताच्या किनाऱ्याची लांबी आपण शाळेत ७,५१६ किलोमीटर शिकलो. अलीकडे अधिक बारकाईने मोजल्यावर ती ११,०९८ किलोमीटर भरली. किनारा तोच, फूटपट्टी बदलली.

मुंबईच्या किनारी रस्त्याच्या वेळी जे झाले ते या संदर्भात बोलके आहे. वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवर प्रवाळांच्या काही वसाहती होत्या. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे वनविभागाची परवानगी घेऊन, तज्ज्ञ बोलावून, २०२० साली त्या दुसरीकडे हलवण्यात आल्या. चांगलेच झाले. पण त्याच खडकांवरची उल्वा, ग्रासिलारिया, चुनखडी तांबडी शेवाळे कोणत्याही अनुसूचीत नाहीत. त्यांच्यासाठी परवानगी मागण्याचा प्रश्नच आला नाही, ती भरावाखाली गेली. गंमत अशी की प्रवाळांच्या अळ्यांना कुठे बसावे याची खूण पुष्कळदा याच चुनखडी शेवाळांच्या थरावरून मिळते. भाडेकरू हलवला, घर पुरले. मुंबईच्या खडकांवर किती जीवन आहे हे शहराला कळायला लागले तेही २०१७ पासून काही हौशी माणसांनी ओहोटीच्या वेळा पाहून लोकांना किनाऱ्यावर फिरवायला सुरुवात केली म्हणून. त्यांच्या कामाचे मुख्य साधन भरती-ओहोटीचा तक्ता.

हा सगळा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे तो शेवाळशेतीमुळे. जगात वर्षाला साडेतीन कोटी टनांहून अधिक शेवाळ तयार होते, त्यातले ९७ टक्के शेतीचे, आणि बहुतांश चीन व इंडोनेशियाचे. टूथपेस्टमधले, आइस्क्रीममधले कॅराजीनन, आपल्या स्वयंपाकघरातले चायना ग्रास, कापड छपाईतले अल्जिनेट, प्रयोगशाळेतले अगर, सगळे यातून येते. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत भारताने वर्षाला ११ लाख टनांहून जास्त उत्पादनाचे लक्ष्य ठेवले. प्रत्यक्ष उत्पादन त्याच्या दहाव्या हिश्शालाही पोचलेले नाही. शेवाळशेतीच्या बाजूचे मुद्दे वजनदार आहेत, ते झटकून टाकण्यासारखे नाहीत. जमीन लागत नाही, गोडे पाणी लागत नाही, खत लागत नाही. बचत गटातली बाई तराफ्यावर दोर बांधते आणि दीड महिन्यात पीक काढते. मासे कमी झालेल्या किनाऱ्यावर हा आधार आहे, आणि ज्यांच्या घरात आवक आहे त्यांनी शेवाळांच्या वैविध्याच्या नावाने तो नाकारणे मला शोभणारे वाटत नाही.

तरीही तमिळनाडूचा अनुभव नीट वाचायला हवा. कॅपाफायकस अल्वारेझी हे तांबडे शेवाळ इथले नव्हे. भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने १९८४ साली ते जपानमार्गे आणले, सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर वाढवले, पुढे मंडपमला नेले, आणि २००० नंतर पाल्कच्या सामुद्रधुनीत त्याची व्यापारी शेती उभी राहिली. २००८ साली ‘करंट सायन्स’मध्ये बातमी आली, की मन्नारच्या आखातातल्या कुरुसडाई बेटाजवळ ते तराफ्यांवरून सुटून जिवंत प्रवाळांवर पसरले आहे. हेच ते बेट, जिथल्या शेवाळांवर भारतीय शैवालशास्त्राचे जनक एम. ओ. पी. अय्यंगार यांनी १९२७ साली लिहिले. पसरलेले क्षेत्र किरकोळ आहे असे शेतीच्या समर्थक शास्त्रज्ञांनी मांडले. विरोधकांनी ते शेजारच्या बेटांवरही दाखवले. क्षेत्राचा वाद चालू राहिला. पुन्हा जागाच. माझा आक्षेप वेगळा आहे. कॅपाफायकसची लागवड तुकडे तोडून होते, एकाच रोपाच्या प्रती वर्षानुवर्षे. त्याला बीजाणूंचा ऋतू नाही, विश्रांती नाही, दुसरे रूप नाही. बारमाही पीक हवे म्हणून आपण त्याच्याकडून काळ काढून घेतला. २०१३ साली पाणी तापले, तेव्हा ही एकसारखी रोपे एकदमच मेली, आणि उत्पादन कोसळले ते पुष्कळ वर्षे सावरले नाही. यावर उपाय म्हणून बाहेरून नवे वाण आणण्याचा मार्ग निघाला. २०२४ साली जिवंत शेवाळ आयातीचे मार्गदर्शक नियमही आले.

चीनची गोष्ट आणखी विचित्र. २००८ च्या ऑलिंपिकच्या तोंडावर, जिथे शिडाच्या होड्यांच्या शर्यती व्हायच्या त्या छिंगताओच्या किनाऱ्यावर हिरव्या उल्वाची लाट आली. हजारो लोक आणि सैनिक लावून सुमारे दहा लाख टन शेवाळ उपसावे लागले. माग काढल्यावर उगम सापडला दक्षिणेकडच्या नोरीच्या शेतांत: हंगाम संपल्यावर तराफे साफ करताना त्यांच्यावर वाढलेली उल्वा पाण्यात लोटली जात होती, आणि नेमक्या त्या वेळी पाणी कोमट आणि खतांच्या निचऱ्याने सकस असे. तीच उल्वा दोन महिने आधी वा नंतर सुटली असती तर कदाचित कोणाच्या लक्षातही आली नसती.

उघड्या समुद्रातही असेच काही चालले आहे. कोकणात रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटा पाहायला लोक गर्दी करतात. त्या चमकेमागचा नॉक्टिलुका हा जीव पोटात हिरवी सूक्ष्म शेवाळे बाळगतो. हिवाळ्यात अरबी समुद्रात पूर्वी डायटमची भरभराट होई आणि तिच्यावर माशांची साखळी पोसली जाई. तिथे आता नॉक्टिलुकाचे थवे येतात, आणि कमी प्राणवायूचे पाणी वर पसरत असल्याशी त्याचा संबंध आहे, असे हेल्गा गोम्स, जोकिम गोस आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवले. नॉक्टिलुका खाणारे जेलीफिशसारखे जीव आपल्या ताटात येत नाहीत. जागा तीच, महिना तोच. त्या महिन्याचा धनी बदलला.

काळाच्या भाषेत केलेले नियमन कसे असते, याचे उदाहरण शोधायला परदेशी जावे लागत नाही. रामनाथपुरम जिल्ह्यातल्या बायका पिढ्यानपिढ्या बुडी मारून खडकांवरचे शेवाळ हाताने काढतात. डोळ्याला चष्मा, बोटांना चिंध्या, पायाला पत्र्याचे तुकडे. मन्नारच्या आखाताचे सागरी राष्ट्रीय उद्यान १९८६ साली झाले आणि बेटांभोवतालच्या पाण्यात त्या एका दिवसात गुन्हेगार ठरल्या. सीमारेषा आखणाऱ्यांनी त्यांना बाहेर काढायचे ठरवले. बायकांनी दुसराच तोडगा काढला: महिन्यातले ठरावीक दिवसच शेवाळ काढायचे, बाकीचे दिवस खडक मोकळा ठेवायचा, शेवाळ पुन्हा फुटावे म्हणून. त्यांचे नेतृत्व करणाऱ्या लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ साली सीकॉलॉजी पुरस्कार मिळाला. मला या तोडग्यात जे शास्त्र दिसते ते उद्यानाच्या नकाशात दिसत नाही. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले, २९ चौरस किलोमीटरचे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीची सरगॅसमची राने त्याच परिसरातली. मच्छीमारांनी त्याला विरोध केला, तेव्हापासून ते बरेचसे कागदावरच आहे. तिथे रेषेऐवजी तिथी आणि महिने घेऊन कोणी बोलायला बसले असते तर बोलणे वेगळ्या दिशेला गेले असते असे मला वाटते. होळी, नारळी पौर्णिमा, उधाण, भांग यांवर आयुष्य चालवणाऱ्या माणसांना बंद हंगाम समजावून सांगावा लागत नाही.

पण त्यासाठी आधी वेळापत्रक लिहिलेले हवे. आपल्याकडे याद्या आहेत. डेन्मार्कचे फ्रेडरिक बर्गेसेन १९२७-२८ च्या हिवाळ्यात आले, मुंबई, ओखा, द्वारका इथली शेवाळे घेऊन गेले, आणि त्यांवर पुढे दशकभर लिहीत राहिले. मुंबई इलाख्याच्या शेवाळांच्या अभ्यासाचा पाया त्यांनी घातला. त्यांचे संकलन थंडीतले, हे विसरता कामा नये. नंतर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने, अरविंद उंटवाले, विनोद धारगळकर आणि इतरांनी, कोकण-गोव्याचा किनारा पायी पालथा घातला, पावसाळ्यातल्या पोर्फायरावरही काम केले. नावे मात्र हलत राहतात. लिनियसने १७५३ साली नळीसारखी आणि पात्यासारखी हिरवी शेवाळे एकत्र उल्वा म्हणून घातली, १८२० साली नळ्यांना एंटेरोमॉर्फा असे वेगळे घर मिळाले, आणि २००३ साली डीएनए पाहून शास्त्रज्ञ पुन्हा लिनियसकडे परतले. नाव बदलले तर यादी दुरुस्त करता येते. न घेतलेली तारीख मात्र मागाहून भरता येत नाही.

हवी आहे ती कंटाळवाणी गोष्ट: तीच खडपे, तीच अर्ध्या मीटरची चौकट, दर उधाणाच्या ओहोटीला, वर्षानुवर्षे. उधाणाची खालची ओहोटी आपल्या किनाऱ्यावर साधारण पहाटे आणि तिन्हीसांजेला येते, म्हणजे महाविद्यालयाच्या तासांच्या आधी आणि नंतर. रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे, डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत वनस्पतिशास्त्राचे विभाग आहेत, प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात तारीख-वेळेसह छायाचित्र घेणारा फोन आहे. भर पावसात खडपावर कोणाला पाठवावे असे मी म्हणणार नाही. पण पाण्याच्या बाटलीतून डीएनए तपासता येतो, आणि पावसाच्या उघडिपीत, स्थानिक माणूस बरोबर असताना, नेमके कुठे उभे राहता येते हे प्रत्येक गावाला ठाऊक असते. अशा दहा वर्षांच्या नोंदी एका जेट्टीच्या खर्चात कोकणभर होतील. आणि प्रकल्पांच्या कार्यकक्षेतली ‘पावसाळा वगळून’ ही अट, निदान किनाऱ्यापुरती, काढून टाकायला तर तेवढाही खर्च नाही. त्याला दिल्लीतून निघालेला एक कागद पुरतो.